बारा-सहा, नऊ-तीन

आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये सध्या पाच थार उभ्या असतात. लाल, काळी, पुन्हा काळी... त्यातल्या एकीच्याही चाकाला चिखल लागलेला मी आजवर पाहिलेला नाही. २०२० मध्ये नवी थार आली आणि तेव्हापासून खराडी ते हिंजवडी या खडतर मार्गावर फोर व्हील ड्राइव्ह असणं अत्यावश्यक झालंय म्हणे! लंचला यांच्या मालकांच्या गप्पा ऐकाव्यात. टॉर्क काय, ग्राउंड क्लीअरन्स काय. मी गप्प डबा खाते. कारण फोर बाय फोर आमच्याही घरी आहे. फक्त तिच्यात म्युझिक सिस्टीमच्या जागी आईने लिंबू-मिरची टांगलीये आणि मागच्या हौद्यात लिंबाच्या गोण्या असतात.

घर म्हणजे श्रीगोंदा. आणि गाडी म्हणजे जीपच्या घराण्यातली, लांब चासीची, मागे लोखंडी हौदा बांधून घेतलेली. आजी तिला 'टरक' म्हणायची, म्हणून अख्खं घर तिला ट्रकच म्हणतं. आबांनी ती घेतली तेव्हा मी सातवीत होते. एवढं फोर व्हीलचं कौतुक कशाला, असं तेव्हा भावकीने विचारलंच. पण आमची काळी माती पावसात काय चीज असते हे पुण्यात बसून कळायचं नाही. पाय उचलला की पाय वर येतो, चप्पल येत नाही. आणि लिंबाचा तोडा नेमका पावसाळ्यात. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या बांधावर अडकलेला असताना आबांचा ट्रक गुरगुरत बागेतून बाहेर यायचा. तो आवाज आला की आई चहा टाकायची.

तर झालं असं. गेल्या जानेवारीत सोमवारी सकाळी मी स्टँड-अप मीटिंगमध्ये होते आणि दादाचा फोन आला. आधी कट केला. परत आला. "घाबरू नको," तो म्हणाला. अशी सुरुवात झाली की माणूस घाबरतोच. आबा काष्टीहून परत येत होते. उसाचा सीझन, रस्त्यावर बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. एक उसाची गाडी समोर आली आणि आमचा ट्रक सरळ रस्ता ओलांडून पलीकडच्या चारीत! समोरून कुणी येत नव्हतं म्हणून निभावलं. आबांच्या कपाळाला तीन टाके. बैलांना काही नाही, गाडीवानाला काही नाही, ट्रकच्या बंपरला थोडं.

"आबा, झालं काय नेमकं?"

"गाडीनं ओढलं."

एवढंच बोलले. आम्ही कुणीच विश्वास ठेवला नाही. एकसष्टी होऊन गेलेला माणूस, संध्याकाळी पेपर वाचताना डोळे बारीक करतो, हल्ली बोलावलं तर एकदोनदा ऐकू येत नाही. आणि म्हणे गाडीनं ओढलं! फॅमिली ग्रुपवर (आबा त्या ग्रुपवर नाहीत) दोन दिवसांत निकाल लागला. ट्रकची किल्ली दादाकडे. ट्रक विकायचा. आबांना बाजारात जायचं असलं तर पुतण्या स्कूटरवर सोडेल. ठराव मी मांडला होता, हे इथे कबूल करते. 'सेफ्टी फर्स्ट' असंही लिहिलं होतं, वर हात जोडल्याची इमोजी.

आबांनी किल्ली दिली. वाद घातला नाही. मला तेच जड गेलं. पण जड गेलं म्हणून माझं मत बदललं असं नाही.

इथे थोडं मागे जायला हवं. ट्रक आजारी होता हे आम्हाला ठाऊकच होतं. आदल्या ऑक्टोबरपासून स्पीड पन्नास-पंचावन्नच्या पुढे गेला आणि चाक एखाद्या खड्ड्यावर आदळलं, की स्टेअरिंग असं काही थरथरायला लागायचं की दोन्ही हातांनी धरूनही ऐकायचं नाही. अख्खी गाडी अंगात आल्यासारखी. स्पीड वीसवर आणला की शांत. मी तेव्हा मोठ्या ऐटीत ट्रक पुण्याला नेला. काचेच्या केबिनचं, कॉफी मशीनवालं सर्व्हिस सेंटर. त्यांनी व्हील बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, पुढचे दोन टायर नवे घातले आणि स्टेअरिंगला एक डॅम्पर बसवला. बिल २३ हजार. थरथर गेली. पंधरा दिवसांनी परत आली. मग मी ठरवलं की गाडी म्हातारी झालीये, आणि जानेवारीनंतर ठरवलं की आबाही.

मार्चमध्ये गिऱ्हाईक आलं. शेजारच्या गावचा माणूस, त्यालाही लिंबाचीच बाग. त्याने ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "मिस्त्रीला दाखवून आणा. ते म्हणले चांगली, तर पुढचं बोलू. न्हाई तर भंगाराच्या भावानं घेतो."

दादा कारखान्यावर गेलेला. मी वीकेंडला आलेले. म्हणून मी गेले. चाळीसच्या वर काटा जाऊ न देता, कॅनॉलच्या पुलावर श्वास रोखून.

मिस्त्री म्हणजे सत्तरीच्या आसपासचा माणूस. फौजेत होता, ई.एम.ई. मध्ये, म्हणजे सैन्याच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये. आमच्या भागात हे नवल नाही. नगर (२०२४ पासून अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय) हे रणगाड्यांचं गाव. तिथे आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि स्कूल आहे, आणि लष्कराच्या गाड्यांवर संशोधन आणि चाचण्या करणारी डीआरडीओची व्हीआरडीई आहे. शाळेच्या सहलीत आम्ही रणगाड्यांचं म्युझियम बघून आलो होतो. तेव्हा मला गंमत वाटली होती ती बाहेर विकत घेतलेल्या कुल्फीची.

मी सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. थरथर, अलाइनमेंट, नवे टायर, डॅम्पर. मिस्त्री ऐकून घेत होते. मग म्हणाले, "डॅम्पर काढू आधी. दुखणं कळंना त्याच्यानं." आणि खरंच दोन बोल्ट सोडून माझा डॅम्पर बाजूला ठेवला. डॅम्पर थरथर दाबतो, म्हणाले, थरथरीचं कारण जागच्या जागी राहतं. तापावर गोळी दिल्यासारखं. माझे २३ हजार त्या वाक्यात बरेच हलके झाले.

काष्टीच्या बैलबाजारात आबांना बैल बघताना मी लहानपणी पाहिलंय. आधी लांबून. मग चालवून. मग खूर, मग दात. घाई नाही. मिस्त्रींचं तसंच. पहिल्यांदा टायर. तळहात टायरच्या नक्षीवरून बाहेरून आत फिरवला, मग आतून बाहेर. "तुम्ही बघा." मी फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने करवत. नवा टायर आणि पाच महिन्यांत ही अवस्था! म्हणजे चाक सरळ चालत नव्हतं, तिरपं घासत होतं. पण अलाइनमेंट तर केलं होतं ना? "केलं आसंल," मिस्त्री म्हणाले. "बाज डुगडुगतीय, तिच्यावर पातळी लावून काय उपेग?" सांधे सैल असताना केलेलं अलाइनमेंट गॅरेजच्या दारापर्यंतच टिकतं.

मग मला ड्रायव्हर सीटवर बसवलं. इंजिन बंद. स्टेअरिंग नुसतं दोन-दोन इंच डावी-उजवीकडे हलवत राहायचं. ते स्वतः पोतं टाकून खाली सरकले. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. खाली ते एकेका सांध्यावर बोट ठेवत होते. स्टेअरिंग हललं की एका बाजूची दांडी आधी हलते आणि दुसऱ्या बाजूची अर्ध्या क्षणाने, तो अर्धा क्षण बोटाला लागतो. "उजव्या अंगाचा टाय रॉड एन्ड गेलाय," खालून आवाज आला. मी म्हटलं, सापडलं! "न्हाई. ह्यो एकटा एवढा धिंगाणा घालत न्हाई."

यानंतर जे झालं ते मी ऑफिसात तीनदा सांगितलंय, त्यामुळे इथेही सांगणारच.

जॅक लावला. चासीला नाही, एक्सलला. चासीला लावला तर चाक लोंबकळतं आणि कमानपाट्यांवरचं वजन बदलतं. डावं चाक जमिनीपासून चार बोटं वर. त्यांनी चाक घड्याळासारखं धरलं. एक हात नऊवर, एक तीनवर, आणि हलवलं. थोडासा खेळ. हा त्या टाय रॉडचा, तो कळलेलाच होता. मग हात बारावर आणि सहावर. वरून ढकल, खालून ओढ. टक. टक. स्पष्ट. अख्खं चाक वरखाली डोलत होतं.

"आता ब्रेक दाबून धरा."

मी दाबला. टक. टक.

"सोडा... दाबा."

टक.

"बेरिंग न्हाई," ते उठत म्हणाले. "किंगपिन."

मला ओ का ठो कळलं नाही. त्यांनी हाताच्या मुठीवर समजावलं. मागच्या एक्सलला एकच काम, फिरवायचं. फोर व्हीलच्या पुढच्या एक्सलला दोन कामं: चाक फिरवायचंही आणि वळवायचंही. म्हणून जुन्या जीपच्या एक्सलच्या टोकाला लोखंडी गोळा असतो, त्या गोळ्यात फिरता सांधा, आणि गोळ्यावर वर-खाली दोन खुंट्या. त्यांना किंगपिन म्हणतात. चाकासकट सगळं त्या दोन खुंट्यांवर डावी-उजवीकडे वळतं, दाराच्या बिजागरीसारखं. (हल्लीच्या थारला पुढे असा सलग एक्सल नाही, दोन्ही चाकांचं सस्पेन्शन वेगवेगळं आहे, त्यामुळे पार्किंगवाल्यांनी लगेच जॅक लावायला धावू नये.) आता बारा-सहा धरून चाक हललं, तर सैल काय आहे? चाक ज्यावर फिरतं ते व्हील बेअरिंग, की चाक ज्यावर वळतं ती किंगपिन? हाताला दोन्ही सारखंच लागतं. ब्रेक दाबला की ड्रम आणि त्यामागची प्लेट एकमेकांना घट्ट धरतात, म्हणजे व्हील बेअरिंगचा खेळ बंद. तरीही हलतंय? मग खेळ त्याच्या मागे आहे.

एक पाय ब्रेकवर, एवढीच टेस्ट! आम्ही दिवसभर हेच तर करतो. एक मोड्यूल बंद करायचं आणि बघायचं, बग अजून आहे का. पण पुण्यात २३ हजार भरताना मी एकदाही विचारलं नव्हतं की नेमकं काय तपासलं. बिलावर काय बदललं याची यादी होती, काय तपासलं याची नव्हती, आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं.

उजवं चाक त्यांनी मला करायला लावलं. बारा-सहा, टक. ब्रेकवर गॅरेजचा पोरगा. दाबला... टक गायब! "बेअरिंग," मी म्हणाले. मिस्त्री नुसते हसले. उजवं बेअरिंग थोडं सैल होतं, नट आवळून भागलं. मला मात्र कॅम्पस इंटरव्ह्यू पास झाल्याचा आनंद झाला होता.

तेवढ्यात मी हुशारीत आणखी एक सांगून बसले. फोर व्हील टाकून वळवलं की पुढून कट्-कट् आवाज येतो. "फोर व्हील कुठं टाकलीवती?" मी म्हटलं, शिरूरच्या रस्त्याला, पाऊस होता, म्हटलं ग्रिप चांगली मिळेल. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलला जोडणारी यंत्रणा कुलपासारखी आहे, मधे फरक सांभाळणारा डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. चिखलात चाकं थोडी घसरून तो फरक भरून काढतात. डांबरावर घसरता येत नाही, म्हणून सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि क्रॉसमध्ये भरत जातो. क्रॉस म्हणजे फुलीसारखा सांधा. याची कल्पना सोळाव्या शतकातल्या कार्डानो नावाच्या इटालियन गणितज्ञाच्या नावावर आहे, पुढच्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्यावर काम केलं. या फुलीची एक खोड आहे. आत एकसारखं फिरवलं, तरी वाकलेल्या अवस्थेत बाहेरची बाजू एका फेरीत दोनदा जलद आणि दोनदा हळू फिरते. चाक जितकं जास्त वळवाल तितकं ते वाढतं. तो हिसका स्टेअरिंगवर येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपांमध्ये म्हणूनच पुढच्या चाकांना गती सारखी ठेवणारे वेगळे सांधे वापरले गेले. आमच्या ट्रकचा क्रॉस झिजला होता, पण आवाजाचं निम्मं श्रेय माझ्या शिरूर प्रवासाला. "डांबरावर टू व्हील. एवढं पाळा."

इथवर सगळं गमतीत चाललं होतं.

मग त्यांनी डाव्या गोळ्याचा प्लग उघडला. आत दाट ग्रीस असायला हवं. तिथून पातळ तेल आलं, ताकासारखं पांढरट. "डिफरेशनचं तेल गोळ्यात आलंय. आन पाणी बी." आतलं सील गेलंय. त्या पातळ तेल-पाण्यातच किंगपिनचं बेअरिंग बिनग्रीसचं खाल्लं गेलं. चाक उतरवलं, ड्रम काढला. ब्रेकचे लायनर तेलाने काळे, ओले. गोळ्यातून तेल हबमध्ये, हबचं सील ओलांडून ड्रममध्ये. मिस्त्री उकिडवे बसून ते लायनर बघत राहिले. उजवा ड्रम काढला. कोरडा ठणठणीत.

"ताई," ते म्हणाले, "आबा कुठल्या अंगाला गेले म्हनलात? डाव्या का उजव्या?"

"उजव्या. रस्ता ओलांडून."

ते काही बोलले नाहीत. हातातल्या फडक्याने बोटं पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आबांनी ब्रेकच मारला."

डाव्या चाकाचा ब्रेक तेलाने बुळबुळीत, उजव्याचा कोरडा. जोरात पाय मारला की उजवं चाक धरणार, डावं धरणार नाही, आणि गाडी उजवीकडे ओढली जाणार. आबांना उसाची गाडी दिसली नसती तर ते तिच्यात घुसले असते. त्यांना दिसली होती. वेळेत दिसली होती. त्यांनी करायचं तेच केलं होतं आणि आम्हाला सांगितलंही होतं, दोन शब्दांत.

मी तिथल्या टायरवर बसले. गॅरेजच्या पोराने न विचारता पाणी आणून दिलं.

पण मिस्त्रींचं अजून संपलं नव्हतं. सील म्हातारं होऊन जातं, ते ठीक. "पर एवढ्या जोरानं तेल बाहेर का पडावं?" ते परत पोत्यावर सरकले. एक्सलच्या नळीवर, क्राउनच्या जरा बाजूला, त्यांनी टॉर्च मारला. मला बोलावलं. तिथे बोराएवढी एक टोपी असते, ब्रीदर. एक्सल चालून तापतो, आतली हवा फुगते, ती या टोपीतून बाहेर पडते. टोपी बुजली तर हवा जाणार कुठे? ती तेलाला ढकलते आणि तेल सीलला. आणि गरम एक्सल पाण्यात उतरून गार झाला की उलटं, सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

आमची टोपी बुजलेली होती. मातीने नाही. तिच्यावर काळ्या, रबरासारख्या, चकचकीत रंगाचा जाड थर होता. मिस्त्रींनी पेचकसाच्या टोकाने तो खरवडला आणि आतून अगदी बारीक 'फुस्स' झालं.

"ह्यो रंग कुणी मारला खालून?"

मी.

म्हणजे मी मारून घेतला. आबांच्या एकसष्टीला काय द्यायचं यावर माझा आणि वहिनीचा फार खल झाला होता. घड्याळ ते वापरत नाहीत, मोबाईल त्यांना नको. मग मी ट्रक पुण्याला नेऊन खालून सगळं अंडरकोटिंग करून घेतलं, गंज लागू नये म्हणून. प्रेशरने धुऊन, दोन थर, वॉरंटी कार्डासकट. आबा तेव्हा ट्रकखाली वाकून, गुडघ्यावर हात ठेवून किती तरी वेळ बघत होते. शेजाऱ्यांनाही वाकायला लावलं होतं. ज्याने कोटिंग केलं त्याने टोपी झाकली नाही, मी विचारलं नाही, आणि मला माहीतही नव्हतं की गाडीच्या एक्सलला श्वास घ्यायला लागतो.

मिस्त्रींनी मला लेक्चर दिलं नाही. त्यांना पुढच्या कामाची घाई होती. "घरी ताणकाटा आहे का? स्प्रिंगचा? लिंबं तोलायचा?" नवी बेअरिंगं घातली की किंगपिनच्या टोपीखाली पत्र्याच्या पातळ शिमा घालून ती किती घट्ट बसवायची हे ठरवतात. जास्त शिमा म्हणजे सैल, कमी शिमा म्हणजे आवळ. सैल राहिली तर परत थरथर, आवळली तर स्टेअरिंग जड आणि बेअरिंग लवकर मरणार. हे मोजायला टाय रॉड सोडून वळणाऱ्या भागाला स्प्रिंगचा काटा अडकवतात आणि ओढतात, किती जोराला तो हलतो ते बघतात. मिस्त्रींचा काटा कुणीतरी नेलेला.

मी घरी फोन लावला. "आबा, ताणकाटा घेऊन गॅरेजवर येता?"

अर्ध्या तासात आले. पुतण्याच्या स्कूटरवर मागे, काटा मांडीवर धरून, टोपी घातलेली. जानेवारीनंतर ते पहिल्यांदा ट्रकजवळ आले होते. चाकं काढलेला, लाकडी ठोकळ्यांवर उभा ट्रक बघून त्यांचा चेहरा दवाखान्यात नातेवाइकाला बघायला आल्यासारखा झाला. मिस्त्रींनी त्यांना लायनर दाखवलं. आबांनी अंगठा आणि बोट त्या तेलात चोळलं, वास घेतला, मिस्त्रींकडे बघितलं. दोघांनी मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं आता म्हणतील, सांगत होतो ना. नाही म्हणाले.

मग मी त्यांना टोपीचं सांगितलं. रंगाचं. कुणी आणि कधी ते त्यांना माहीतच होतं.

आबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "रंग मात्र चांगला होता हां. गंज न्हाई कुठं."

"आबा, सॉरी."

"असू दे." आणि मग, काट्याच्या आकड्याशी चाळा करत, अगदी सहज, "डोळ्याचं बी आहे थोडं. उजव्या. रातीला समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडं दिसतं. वर्ष झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर किल्ली नसती का घेतली तुम्ही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. किल्ली तर आम्ही न बोलताही घेतली होती. त्या दुपारी आम्ही दोघं गॅरेजच्या बाकड्यावर बसून होतो. आबा काटा ओढत होते, मिस्त्री आकडा बघून शिमा घालत-काढत होते. एक काढली, जड. एक पातळ घातली, बरोबर. चौथ्या खेपेला दोघांचंही समाधान झालं. किंगपिनची बेअरिंगं, सिलं, एक टाय रॉड एन्ड, क्रॉस, लायनर, तेल, मजुरी, सगळे मिळून साडेआठ हजार. जुनं बेअरिंग मिस्त्रींनी माझ्या हातात दिलं. आतल्या रिंगणावर एका बाजूला ओळीने बारीक खड्डे पडले होते. ते मी पुण्याला घेऊन आले, सध्या ऑफिसच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

परत येताना आबांनी चालवला. दिवस होता. कॅनॉलच्या पुलाचा सांधा जवळ आला तसा त्यांनी वेग वाढवला, मुद्दाम. पंचावन्न, साठ. चाक धाडकन आदळलं. स्टेअरिंग एकदा हललं आणि थांबलं. आबांनी एक हात काढून खिडकीवर ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आधी उजवा डोळा झाकायला सांगून वाचायला लावलं, मग डावा. आबा मधेच माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ब्रेक दाबून बघत्यात." डॉक्टरांना काही कळलं नाही. मोतीबिंदूच होता, उजव्या डोळ्यात. मेमध्ये ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते पंधरा दिवस ओट्यावर बसायचे, आणि आल्यागेल्याला त्यांच्या गाडीच्या पुढच्या चाकांना बारा-सहा धरायला लावायचे. भावकीतल्या एका जीपचं बेअरिंग त्यांनी असंच बसल्या जागी पकडलं. रात्रीचं चालवायचं नाही हे त्यांनी स्वतःच ठरवलं. फॅमिली ग्रुपवर आम्ही त्यांना घेतलंय. ते फक्त लिंबाचे भाव टाकतात.

आणि ते गिऱ्हाईक? मिस्त्रींनी गाडी चांगली म्हटल्याचं ऐकून तो लगबगीने आला होता. आबांनी त्याला बसवलं, चहा दिला, ट्रकखाली वाकून काळा रंग दाखवला, आणि अशी काही किंमत सांगितली की तो कप अर्धा ठेवूनच उठला.